जिथे उंट अडले तिथे फोर्ड नेणाऱ्या फौजीने वाळूच्या टेकड्यांचा हिशोब मांडला

वाळवंटातली टेकडी एका जागी थांबत नाही, हे आपण ऐकलेलं असतं. पण ती का सरकते, किती सरकते, एकाच वाळवंटात कुठे चंद्रकोरीसारखी तर कुठे तलवारीसारखी लांबलचक का असते? याचं नीट उत्तर शोधणारा माणूस भूगोलाचा प्राध्यापक नव्हता. तो ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर होता. नाव राल्फ बॅगनॉल्ड.

जन्म 1896 चा, इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टचा. पहिल्या महायुद्धात लढला, मग केंब्रिजमधून इंजिनिअरिंग शिकला. 1920 च्या दशकात त्याची नेमणूक इजिप्तमध्ये झाली आणि तिथे त्याला वाळवंटाचा नाद लागला.

इजिप्त आणि लिबियाच्या सीमेवर 'ग्रेट सँड सी' नावाचा वाळूचा अफाट समुद्र आहे. काही टेकड्या 100 मीटरहून उंच, आणि त्यांच्या रांगा मैलोन्मैल पसरलेल्या. 1874 मध्ये गेरहार्ड रोल्फ्स हा जर्मन प्रवासी उंट घेऊन इथे आला होता. त्याला पश्चिमेला जायचं होतं, पण टेकड्यांनी वाट अडवली आणि त्याला उत्तरेला सिवाच्या दिशेने वळावं लागलं. नकाशावर हा भाग बराचसा कोराच होता.

बॅगनॉल्ड आणि त्याचे मित्र तिथे फोर्ड गाड्या घेऊन घुसले. तेही सुट्टी काढून!

आता वाळूत गाडी चालवायची कशी? पठ्ठ्याने एकेक जुगाड केला. चाक रुतू नये म्हणून टायरमधली हवा कमी केली. रुतलंच तर चाकाखाली पोलादी पन्हळी घातल्या. रेडिएटरची वाफ नळीने पाण्याच्या डब्यात सोडून तेच पाणी पुन्हा वापरलं. गाडीच्या लोखंडामुळे होकायंत्र चुकायचं, म्हणून सावलीवर चालणारा सूर्य-होकायंत्र बनवला. रात्री ताऱ्यांवरून आपण नेमके कुठे आहोत ते काढायचं आणि नकाशावर टिंब मारायचं. 1929 ते 1932 च्या मोहिमांमध्ये हे कोरे भाग असे भरत गेले.

पण नकाशा काढताना त्याला वेगळाच प्रश्न छळू लागला. वाळू सगळीकडे सारखी पसरायला हवी, मग ती गोळा होऊन असे रेखीव आकार का घेते?

1935 मध्ये लष्करातून निवृत्त झाल्यावर त्याने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये वाऱ्याचा बोगदा उभारला आणि त्यात वाळू उडवून मोजमाप सुरू केलं. दिसलं असं की वाळूचे कण धुळीसारखे आभाळात तरंगत नाहीत. ते जमिनीलगत उड्या मारत जातात, आणि पडताना आदळून पुढच्या कणांना उडवतात. वारा एकदा वाळू उडवण्याइतका जोरात असला, की त्याचा वेग दुप्पट झाल्यावर वाळू दुप्पट नाही, साधारण आठपट वाहते. हे सगळं त्याने 1941 च्या पुस्तकात मांडलं. 1944 मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. मध्येच दुसरं महायुद्ध पेटलं, तर 1940 मध्ये याच वाळवंटी अनुभवावर त्याने 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' उभा केला.

आता या गणिताचा आपल्याला उपयोग काय?

जमिनीलगतचा वारा थोडा जरी मंदावला, तरी वाळूची वाहतूक खूप घटते. थरच्या वाळवंटात जोधपूरची 'काझरी' ही संस्था टेकड्यांवर काटक्या-झुडपांचे पट्टे उभारते आणि त्यांच्या आडोशाला गवत, झाडं लावते. त्यामागचं तत्त्व हेच. मात्र प्रत्येक टेकडी बांधून ठेवायची नसते. गावावर, रस्त्यावर चालून येणारी थांबवायची. बाकीच्या सरकू द्यायच्या, कारण वाळूतले किडे, सरडे आणि कोल्हे त्या सरकत्या वाळूशीच जुळवून जगतात. कोणती टेकडी कुठल्या जातीची हे नकाशा आणि मोजमापाशिवाय कळत नाही.

आणि इथेच या गोष्टीची दुसरी बाजू येते. टेकड्यांवरची चाकोरी वारा बुजवतो. पण त्यांच्या मधल्या सपाट जमिनीवर बारीक खड्यांचा पातळ थर असतो, जो खालची वाळू धरून ठेवतो. चाकाखाली तो एकदा फुटला की भरून यायला पिढ्या जातात. महायुद्धातल्या गाड्यांच्या खुणा या वाळवंटात कित्येक दशकं टिकून राहिल्या. आज टायरची हवा कमी करायची तीच युक्ती वापरून पर्यटकांच्या जीप तिथे फिरतात. इजिप्तने 2007 मध्ये शेजारच्या गिल्फ केबीर परिसराला संरक्षित क्षेत्र जाहीर केलं.

बॅगनॉल्ड 1990 मध्ये, 94 व्या वर्षी गेला. 2015 मध्ये 'नासा'ची क्युरिऑसिटी गाडी मंगळावर वाळूच्या टेकड्यांपाशी पोहोचली. त्या टेकड्यांना नाव दिलं होतं, बॅगनॉल्ड. तिकडे जायला अजून कुणाची जीप नाही. पृथ्वीवरच्या टेकड्यांचं तसं नाही, त्यांची वाट त्यानेच दाखवून ठेवली आहे. त्या जपायच्या कशा, हेही त्याच्याच आकड्यांमधून शिकावं लागतं.