निर्णयाच्या वाटेवरील सोबती : संत इग्नेशियस लोयोला

दर वर्षी ३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत इग्नेशियस लोयोला ह्यांचा सण साजरा करते. येशूसंघाचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. निर्णय कसा घ्यावा ह्याचे साधे नियम घालून देणारे गुरू म्हणूनही त्यांचे स्मरण करणे आपणास हितावह ठरेल.

स्पेनच्या बास्क प्रांतात, लोयोला येथील सरदार घराण्यात १४९१ साली त्यांचा जन्म झाला. तारुण्यात शौर्य व कीर्ती ह्यांचीच त्यांना ओढ होती. २० मे १५२१ रोजी पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला. घरी अंथरुणावर पडले असता त्यांनी वीरकथा मागितल्या. मिळाली ती ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे. तेथे त्यांना एक गोष्ट उमगली. दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगविताना मन सुखावे, परंतु मागाहून कोरडे पडे. संतांच्या मार्गाने जाण्याचा विचार सरल्यावरही आनंद मागे उरे. विचाराची पारख त्याच्या शेवटावरून करावी, हा त्यांचा पहिला धडा होय.

मात्र विवेक एका दिवसात अंगी येत नाही. १५२२ साली मोन्सेरातकडे जाताना वाटेत भेटलेल्या एका मूर मनुष्याने पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी शंका घेतली व तो पुढे निघून गेला. त्याच्यावर खंजीर चालवावा की नाही, ह्या पेचात सापडलेल्या इग्नेशियसने खेचराचा लगाम सैल सोडला. खेचराने दुसरी वाट धरली आणि अनर्थ टळला. ज्यांनी एकेकाळी निर्णय खेचरावर सोपविला, त्यांनीच पुढे निर्णयाचे शास्त्र जगाला दिले!

मान्रेसा येथील प्रार्थनामय वास्तव्यात त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ ह्या ग्रंथाचा पाया घातला गेला. त्यास पोप तिसरे पॉल ह्यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्यातील नियम कोणालाही समजावेत असे आहेत. मन उदास व अंधारलेले असताना पूर्वी केलेला निश्चय बदलू नये. दोन्ही बाजूंचे लाभ व तोटे समोर मांडून तोलावेत. अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्यास आपण कोणता सल्ला देऊ, ते पाहावे व तोच स्वतः पाळावा. मृत्यूच्या घटकेला आपण काय निवडले असते तर समाधान वाटेल, ह्याचाही विचार करावा.

हे नियम त्यांनी स्वतः आचरिले. येशूसंघाच्या मंदिरांना कायम उत्पन्न असावे की नसावे, ह्या एका प्रश्नावर १५४४ साली त्यांनी दोन्ही बाजू लिहून काढल्या व सुमारे चाळीस दिवस प्रार्थना केली. मगच त्यांनी उत्पन्न नाकारले. ३१ जुलै १५५६ रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले. १६२२ साली त्यांचे पॅरिसमधील सहाध्यायी संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्याबरोबर त्यांना संतपद बहाल करण्यात आले. ह्याच झेवियरांना त्यांनी हिंदुस्थानात धाडले व १५४२ साली ते गोव्यात पोहोचले.

वाडवडिलांची जमीन विकावी काय, भावाशी अबोला धरावा काय, मुलाने परदेशी जावे काय, असे प्रश्न आपल्याही उंबरठ्यावर येतात. रागाच्या भरात किंवा निराशेच्या रात्री त्यांचे उत्तर देण्याची घाई आपण करू नये. दिवस उजाडू द्यावा, दोन्ही बाजू मांडाव्यात, प्रार्थना करावी आणि निर्णयानंतर मनात शांती टिकते काय ते पाहावे. लगाम आपल्या हाती दिलेला आहे. तो सैल सोडू नये.