अक्षरांना जागा देणारा मर्केटर

गेरार्ड मर्केटरचे नाव भूगोलाच्या विद्यार्थ्याला प्रक्षेपणाच्या धड्यात भेटते आणि परीक्षेबरोबर विसरलेही जाते. माझ्या मते त्याचे मोठेपण त्या धड्यात पुरते मावलेले नाही. नकाशात काय दाखवायचे एवढाच नव्हे, तर ते वाचता कसे येईल हाही प्रश्न त्याने आपला मानला.

५ मार्च १५१२ रोजी, आजच्या बेल्जियममधील रुपेलमोंडे गावी तो जन्मला. वडील जोडे शिवीत. त्यांच्या पश्चात धर्मोपदेशक असलेल्या एका आप्ताने मुलाला शिकविले. १५३० साली लूव्हेनच्या विद्यापीठात त्याचे नाव गरीब विद्यार्थ्यांच्या यादीत नोंदले गेले. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या माझ्यासारख्याला ही नोंद वाचून धीर येतो.

पदवीनंतर तो गेमा फ्रिसियस ह्या गणितज्ञाजवळ शिकला. १५३६ च्या सुमारास गुरूच्या पृथ्वीगोलावरील अक्षरे त्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरली. तोवर अनेक नकाशे लाकडी ठशांवरून छापत. लाकडात बारीक अक्षर टिकत नाही. जाड अक्षर कोरावे तर गावांच्या नावांची दाटी होते.

ही दाटी आजही संपलेली नाही. प्रात्यक्षिकाच्या तासाला संगणकावर तालुक्याचा नकाशा छापायला घ्यावा, अक्षांश-रेखांशांची जाळी एकेका मिनिटावर टाकावी, आणि प्रत्येक रेघेपुढे अंश, मिनिटे, सेकंद सारे लिहायला सांगावे, की खालच्या समासात आकडे एकमेकांच्या अंगावर चढतात. उपाय साधे आहेत. जाळीचे अंतर पाच मिनिटे करावे. शून्य सेकंद गाळावेत. वरच्या-खालच्या समासातील आकडे उभे फिरवावेत. कोपऱ्यात दोन बाजूंचे आकडे भिडत असतील तर एका बाजूचे चौकटीपासून थोडे दूर सारावेत. अक्षर बारीक करणे हा मात्र आळशी उपाय. भिंतीवर लावल्यावर तो नकाशा कोणाच्याच कामाचा उरत नाही.

मर्केटरचा उपाय अक्षराच्या घडणीतच होता. इटालियन धाटणीचे, किंचित तिरपे व अरुंद अक्षर त्याने नकाशांसाठी पसंत केले. ते कमी जागा घेते आणि तरी स्पष्ट दिसते. १५४० साली त्याने ह्या अक्षरावर एक पुस्तिकाच काढली. लेखणी कशी तासावी, बोटांत कशी धरावी, येथपासून तीत शिकविले आहे. एवढ्या विद्वानाने कित्ता काढावा ह्याचे मला फार कौतुक वाटते.

१५४४ मध्ये धर्मद्रोहाच्या संशयावरून त्याला पकडले आणि जन्मगावच्याच किल्ल्यात सुमारे सात महिने कोंडले. त्याच धरपकडीतल्या काहींना देहदंड झाला, तो सुटला. १५५२ साली बायकामुलांसह तो जर्मनीतील ड्यूसबुर्गला गेला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला.

तेथे १५६९ साली अठरा पत्रकांचा, सुमारे दोन मीटर रुंदीचा जगाचा नकाशा तयार झाला. रेखांश समान अंतरावर, उभे व समांतर. अक्षांशांमधील अंतर मात्र ध्रुवांकडे वाढत जाणारे. साठ अंशांवर प्रमाण विषुववृत्ताच्या दुप्पट होते. त्यामुळे एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाची वाट सरळ रेघेने काढता येऊ लागली. पण ह्याची किंमत क्षेत्रफळाने चुकविली. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते. वास्तविक आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. ह्याचा दोष मर्केटरला देणे मला पटत नाही. नकाशा नाविकांसाठी आहे हे त्याने शीर्षकातच सांगितले होते. तो शाळेच्या भिंतीवर टांगला तो पुढच्यांनी. जागेचा त्याचा हिशेब तर पाहण्यासारखा आहे. उत्तर अमेरिकेचा अंतर्भाग युरोपला अज्ञात, म्हणून तेथे त्याने मजकुराची मोठी चौकट बसविली. ध्रुव ह्या नकाशात मावणे शक्य नव्हते. उत्तर ध्रुवप्रदेश खाली कोपऱ्यात वेगळा काढला.

पुढे नकाशांच्या संग्रहाला त्याने 'अ‍ॅटलास' हे नाव दिले. २ डिसेंबर १५९४ रोजी तो वारला तेव्हा काम अपुरेच होते. दुसऱ्या वर्षी रुमोल्ड ह्या मुलाने ते प्रसिद्ध केले. त्यात स्पेन आणि पोर्तुगाल नव्हते. पुढे योडोकस होंडियसने मर्केटरचे ताम्रपट विकत घेतले आणि १६०६ च्या आवृत्तीत ते देश घातले.