भास्कराचार्य आणि चुकलेली घटिका

सूर्यचंद्रांच्या ग्रहणाचा क्षण आधी वर्तविणाऱ्या महापुरुषाला स्वतःच्या घरातील एक क्षण मात्र साधता आला नाही, अशी कथा आपल्या देशात भास्कराचार्यांविषयी सांगतात.

आचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा. गोत्र शांडिल्य, गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय ही त्याची चार अंगे होत.

कथा अशी की, कन्या लीलावती हिच्या पत्रिकेत विवाहसुख नव्हते. आचार्यांनी पुनःपुन्हा गणित करून हा दुर्योग टाळणारा एकच मुहूर्त शोधून काढला. विवाहाच्या दिवशी जलपूर्ण भांड्यात घटिकापात्र सोडले. बुडाशी सूक्ष्म छिद्र असलेली ती वाटी. ती भरून बुडाली की घटिका पुरी झाली. बालवधू कुतूहलाने वाकून पाहू लागली, तोच तिच्या अलंकारातील एक मोती निसटून वाटीत पडला आणि छिद्र बुजले. मंडळी वाट पाहत राहिली. वाटी बुडेना, मुहूर्त केव्हाच टळून गेला होता!

ही कथा मूळ ग्रंथात नाही. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने इ. स. १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती आढळते. म्हणून तिला इतिहास न मानता लोकमानसाने दैवाविषयी केलेले चिंतन मानावे. महाभारतातील परीक्षित राजा एका खांबावरच्या सुरक्षित प्रासादात जाऊन बसला, तरी फळातील किडीच्या रूपाने तक्षक त्याच्यापर्यंत पोहोचलाच. तेथे एक कीड, येथे एक मोती. माणसाचा बंदोबस्त कितीही चोख असो, दैवाला एवढेसे निमित्त पुरते.

परंतु कथा येथे संपत नाही. शोकाकुल पित्याने कन्येचे नाव चिरकाल राहावे म्हणून ग्रंथाला तिचे नाव दिले, असे ती सांगते. आचार्यांचे चरित्रही याच वृत्तीचे आहे. गोलाध्यायात त्यांनी घटीयंत्रासह अनेक यंत्रे वर्णिली आणि सर्वांत श्रेष्ठ यंत्र म्हणून बुद्धीला मान दिला. ६९ व्या वर्षीही, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ सिद्ध केला. पुढे यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी असलेला त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. तेथील शिलालेख याची साक्ष देतो.

काळाने आचार्यांनाही सोडले नाही. ज्याचे गणित ग्रहांना चुकले नाही, त्यालाही मृत्यू चुकला नाही. तथापि टळलेल्या घटिकेचा शोक करीत ते बसून राहिले असते, तर आज आपल्या हाती ‘लीलावती’ नसती. सूज्ञ वाचकांनी याचा विचार करावा. पुढची घटिका आपल्या अधीन नाही. हाती असलेल्या घटिकेतील कर्तव्य मात्र आपलेच आहे.