विल्हेल्म ल्योहे आणि डीकनेसांचे शिक्षण

विल्हेल्म ल्योहे यांचा जन्म १८०८ मध्ये बव्हेरियातील फ्युर्थ येथे झाला. शहरातील धर्मोपदेशकाचे पद मिळविण्याचे त्यांचे प्रयत्न निष्फळ ठरले व १८३७ पासून नॉयेनडेटेल्साउ हे आडवळणाचे खेडेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. १८४३ मध्ये पत्नी हेलेन निवर्तल्या. ल्योहे यांनी पुनर्विवाह केला नाही.

अमेरिकेतील जर्मन वसाहतींना धर्मोपदेशक पुरविणाऱ्या ल्योहे यांनी १८५४ मध्ये स्त्रियांसाठी डीकनेस-संस्था स्थापन केली. तिची मूळ कल्पना विशेष लक्षणीय होय. ग्रामीण मुलींनी रुग्णसेवा व अध्यापन शिकावे आणि आपापल्या मंडळीत परतून सेवा करावी, असे त्यांना अभिप्रेत होते. फ्लिडनर यांनी १८३६ मध्ये कायझरस्वेर्थ येथे आरंभिलेली मातृगृहाची पद्धती त्यांना प्रथम नको होती. तथापि परत गेलेल्या सेविकेला आधार देण्याची सिद्धता गावोगावच्या मंडळ्यांत नव्हती, असेच म्हणावे लागते. अखेर मातृगृहच उभे राहिले. मात्र त्याला ल्योहे यांनी स्वतःचे वळण दिले. तेथे उपासनेला रुग्णसेवेइतकेच महत्त्व होते, आणि वेदीवस्त्रांवरील भरतकाम हाही सेवेचाच भाग मानला जाई.

१८७२ च्या जानेवारीत, त्याच खेड्यात, त्यांचे निधन झाले.