संशोधक विद्यार्थी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

१. प्रास्ताविक

संशोधनाचा आराखडा म्हटला की अनेक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर एक विहित नमुना उभा राहतो. शीर्षक, उद्दिष्टे, गृहीतक, व्याप्ती, साधने, प्रकरणांची मांडणी असे त्याचे रकाने असतात आणि ते भरले की आराखडा पूर्ण झाला, असा समज होतो. वस्तुतः प्रत्येक रकान्यामागे एक निर्णय असतो. काय शोधायचे, कशाच्या आधारे शोधायचे, किती काळात शोधायचे आणि काय सोडून द्यायचे, हे संशोधकाला आधी स्वतःशी ठरवावे लागते. हे निर्णय कसे घेतले जातात हे समजून घेण्यासाठी या घटकात आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे विद्यार्थिजीवन पाहणार आहोत. राज्यघटनेचे शिल्पकार आणि समाजक्रांतीचे नेते म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. १९१३ ते १९२३ या दहा वर्षांतील त्यांचे संशोधकाचे रूप मात्र तुलनेने कमी परिचयाचे आहे. त्यांच्या प्रबंधांच्या रचनेतून आराखड्याचे सर्व घटक स्पष्ट दिसतात. आणि परिस्थितीने अभ्यास मध्येच तोडला, तर नीट आखलेले काम कसे टिकून राहते, हेही दिसते.

२. शिक्षण आणि शिष्यवृत्ती

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. शाळेत अस्पृश्यतेचे चटके सोसत भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले आणि १९१२ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाले. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे त्यांचे पदवीचे विषय होते. १९१३ च्या फेब्रुवारीत वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ही शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची आणि तीन वर्षांची होती. शिक्षणानंतर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचे बंधन तिच्यासोबत होते.

म्हणजेच काळ आणि पैसा या दोन्हींची सीमा पहिल्याच दिवशी ठरलेली होती. मुदत संपली की परतावे लागणार, हे भीमरावांना ठाऊक होते. त्यांनी घरी पैसे पाठवून उरलेल्या रकमेत दिवस काढले आणि बराचसा वेळ ग्रंथालयात घालवला. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे २,००० ग्रंथ जमवले. कालमर्यादा आणि खर्चाचा अंदाज हे आराखड्यातील रकाने अनेकांना औपचारिक वाटतात. प्रत्यक्षात विषय किती मोठा घ्यावा, हे त्यांच्यावरच अवलंबून असते.

३. विषयाची मर्यादा

कोलंबियात प्रा. एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे नामवंत अभ्यासक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भीमराव भारताच्या वित्तव्यवस्थेकडे वळले. ब्रिटिश राजवटीत भारताचे आर्थिक शोषण होते, ही भावना त्या काळी सुशिक्षितांत सर्वत्र होती. परंतु भावना हा संशोधनाचा विषय होऊ शकत नाही. तिचे रूपांतर उत्तर देता येईल अशा प्रश्नात करावे लागते.

१९१५ साली एम.ए. साठी सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था हा विषय घेतला आणि अभ्यासाचा काळ १७९२ ते १८५८ असा मर्यादित ठेवला. १८५८ मध्ये कंपनीची सत्ता संपून कारभार ब्रिटिश राजसत्तेकडे गेला, त्यामुळे ही सीमा विषयाच्या स्वरूपातूनच आलेली होती. कालखंडाची सीमा मनाला येईल तशी आखायची नसते. ती का आखली, याचे कारण संशोधकाजवळ असले पाहिजे.

पुढे पीएच.डी. च्या कामात हा प्रश्न आणखी नेमका झाला. ब्रिटिश भारतात केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यात महसूल व खर्चाची वाटणी कशी होत गेली, एवढ्याच गोष्टीचा त्यांनी पाठपुरावा केला. १८३३ च्या सनदी कायद्याने आर्थिक सत्ता केंद्राकडे एकवटली, तेथे त्यांनी आरंभबिंदू धरला. नंतरच्या काळाचे टप्पे पाडताना त्यांनी व्हाइसरॉयांच्या कारकिर्दींचा सोपा मार्ग घेतला नाही. प्रांतांना पैसा कोणत्या पद्धतीने मिळत होता, हा त्यांचा निकष होता. १८७१-७२ पासून ठरावीक नेमणुकीच्या रकमा, १८७७-७८ पासून नेमून दिलेली महसुलाची साधने आणि १८८२-८३ पासून वाटून घेतलेला महसूल, असे तीन टप्पे त्यांनी दाखवले. प्रकरणांची मांडणी प्रश्नातून कशी निघते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. हा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि तो सयाजीराव महाराजांना अर्पण करण्यात आला. १९२७ साली कोलंबियाने त्यांना पीएच.डी. प्रदान केली.

४. पूर्वसंशोधनाचा आढावा

वित्तव्यवस्थेचा अभ्यास चालू असतानाच ९ मे १९१६ रोजी प्रा. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमरावांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. विषय त्यांच्या स्वतःच्या जगण्याशी बांधलेला होता, तरीही निबंधाचा आरंभ त्यांनी स्वानुभवाने केला नाही. आधी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर या चार अभ्यासकांनी केलेल्या जातीच्या व्याख्या त्यांनी तपासल्या. यांपैकी केतकर हे मराठी वाचकांना ज्ञानकोशकार म्हणून परिचित आहेत. त्यांनी अमेरिकेतीलच कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेचा अभ्यास केला होता.

प्रत्येक व्याख्येत काय ग्राह्य आहे आणि ती कोठे अपुरी पडते, हे सांगितल्यावर मगच त्यांनी आपला मुद्दा मांडला. आपल्याच गटात विवाह करण्याचे बंधन हे जातीचे मूळ लक्षण आहे आणि जातीची इतर वैशिष्ट्ये त्यातून उलगडतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे ग्रंथांची यादी नव्हे, हे यावरून लक्षात येईल. आधीच्या अभ्यासकांनी कोणती जागा मोकळी ठेवली, ती दाखवून तेथे आपला प्रश्न उभा करणे हे आढाव्याचे काम असते. हा निबंध १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

५. खंडित अभ्यास

१९१६ मध्ये भीमराव लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी प्रवेश घेतला. अर्थशास्त्र आणि कायदा असे दोन अभ्यास एकाच वेळी सुरू झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना काम अर्धवट टाकून परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट केली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली. प्रा. एडविन कॅनन यांचे त्यासाठी साहाय्य झाले.

महायुद्धाचा काळ होता. वेगळ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे सामान आणि त्यातील ग्रंथ पाणतीराच्या हल्ल्यात बुडाले. बडोद्यात नोकरीवर रुजू झाल्यावर कचेरीत अवहेलना वाट्याला आली आणि अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. त्यांना मुंबईला परतावे लागले. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरपासून त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले आणि पगारातून काटकसरीने पैसे साठवले. त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या ५,००० रुपयांच्या कर्जाची भर पडली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

संग्रह गेला, टिपणे विखुरली, तीन वर्षे हातून निसटली. पण प्रश्न जागेवर होता. पुन्हा आरंभ कोठून करायचा हे माहीत असल्यामुळे ते काम पुढे नेऊ शकले. नोकरी, संसार किंवा आजारपण यांमुळे ज्यांचा अभ्यास खंडित झाला आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

६. साधने आणि वेळ

या वेळी शिष्यवृत्ती नव्हती, म्हणून प्रत्येक दिवस मोलाचा होता. ब्रिटिश म्युझियम, इंडिया ऑफिस ग्रंथालय आणि विद्यापीठाची ग्रंथालये यांत ते सकाळपासून बंद होण्याच्या वेळेपर्यंत बसत. सरकारी ठराव, वार्षिक हिशेब, अंदाजपत्रके आणि पार्लमेंटची कागदपत्रे ही त्यांच्या विषयाची मूळ साधने होती आणि ती लंडनमध्ये उपलब्ध होती. विषय कितीही आकर्षक असला, तरी त्याची साधने आपल्या आवाक्यात आहेत की नाहीत, याची खातरजमा आराखड्याच्या टप्प्यावरच करावी लागते. १९२१ मध्ये प्रांतिक वित्ताच्या विकेंद्रीकरणावरील प्रबंधाला एम.एस्सी. पदवी मिळाली. त्याआधीच्या विषयाचाच हा पुढचा टप्पा होता. हाती असलेल्या सामग्रीवर नवी इमारत उभारणे ही त्यांची पद्धत होती.

७. रुपयाचा प्रश्न

डी.एस्सी. साठी त्यांनी भारतीय चलनाचा विषय घेतला. १८७० नंतर चांदीचा भाव घसरत गेला आणि चांदीच्या रुपयाची सोन्याच्या चलनातील किंमत खाली आली. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. पुढे रुपयाचा दर सोन्याशी बांधणारी सुवर्ण-विनिमय पद्धती रूढ झाली. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या प्रतिष्ठित अर्थतज्ज्ञाने १९१३ च्या आपल्या ग्रंथात तिचे समर्थन केले होते.

आंबेडकरांनी परकीय विनिमयदराऐवजी देशातील किमतींकडे लक्ष वळवले. रुपयाची निर्मिती सरकारच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर त्याची क्रयशक्ती स्थिर राहील का, हा त्यांचा प्रश्न होता. सुवर्ण-विनिमय पद्धती ती स्थिरता देऊ शकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नावाजलेल्या अभ्यासकाशी मतभेद असणे हा दोष नाही. परंतु तो मतभेद पुराव्याच्या क्रमाने सिद्ध करावा लागतो. त्यांच्या प्रबंधात चलनाचा इतिहास आधी येतो आणि पर्यायाची मांडणी शेवटी येते, ती यामुळेच.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध सादर झाला. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो दुरुस्त करण्यास सांगितले. जवळचे पैसे संपत आले होते, म्हणून ते एप्रिलमध्ये मुंबईला परतले आणि तेथून सुधारित प्रबंध पाठवला. मांडणीत फेरफार केले, निष्कर्ष मात्र कायम ठेवले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली आणि वर्षाअखेरीस प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रस्तावना लिहिणाऱ्या कॅनन यांनी काही मुद्द्यांवर असहमती नोंदवूनही ग्रंथाचे मोल मान्य केले. पुढे भारतीय चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगासमोर आंबेडकरांनी साक्ष दिली. ग्रंथालयात सुरू झालेला प्रश्न असा सार्वजनिक धोरणापर्यंत पोहोचला.

८. समारोप

पुढील आयुष्य सार्वजनिक संघर्षात गेले. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चा महाडचा सत्याग्रह, मसुदा समितीचे अध्यक्षपद आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्रिपद हे त्यातील ठळक टप्पे होत. तरीही त्यांच्यातील संशोधक कधी निवृत्त झाला नाही. शूद्रांच्या उगमावरील १९४६ चा आणि अस्पृश्यांच्या उगमावरील १९४८ चा ग्रंथ याची साक्ष देतात. दुसऱ्या ग्रंथात पुराव्याचे दुवे तुटलेले असताना अनुमानाचा आधार किती घ्यावा, याचाही त्यांनी विचार केला आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

मराठीच्या विद्यार्थ्याला यातून काय घेता येईल? संतसाहित्य किंवा ग्रामीण कादंबरी ही अभ्यासाची क्षेत्रे आहेत. ते संशोधनाचे प्रश्न नव्हेत. क्षेत्रातून काळ, लेखक, साहित्यकृती आणि दृष्टी निवडत गेले की प्रश्न हाती येतो. आधीच्या अभ्यासकांनी काय सांगितले ते पाहिले की प्रश्नाला जागा मिळते. साधने आणि दिवस मोजले की तो पेलण्याजोगा होतो. हे तिन्ही निर्णय नीट घेतलेले असतील, तर मध्ये खंड पडला तरी काम पुन्हा हाती घेता येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. प्रांतिक वित्ताच्या अभ्यासात आंबेडकरांनी कालखंडाचे टप्पे कोणत्या निकषावर पाडले? तो निकष विषयाशी कसा सुसंगत होता?
२. जातिसंस्थेवरील निबंधाच्या आधारे पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे कार्य स्पष्ट करा.
३. आपल्या आवडीचे एक साहित्यक्षेत्र निवडा. त्यातून एक संशोधनप्रश्न तयार करून त्याची व्याप्ती, मर्यादा, उपलब्ध साधने आणि लागणारा काळ सुमारे १५० शब्दांत लिहा.