लॉइड रिचर्ड्‌स

लॉइड जॉर्ज रिचर्ड्‌स (जन्म : टोरोंटो, कॅनडा, २९ जून १९१९, मृत्यू : न्यू यॉर्क, अमेरिका, २९ जून २००६) हे अमेरिकन नाट्यदिग्दर्शक, नाट्यशिक्षक आणि नवोदित नाटककारांचे मार्गदर्शक होते. ब्रॉडवेवर गंभीर नाटक दिग्दर्शित करणारे पहिले कृष्णवर्णीय दिग्दर्शक म्हणून त्यांची नोंद घेतली जाते. तथापि त्यांचे अधिक मोलाचे कार्य रंगमंचावर नव्हे, तर संहितेच्या पातळीवर घडले. लॉरेन हॅन्सबेरीपासून ऑगस्ट विल्सनपर्यंत अनेक कृष्णवर्णीय नाटककारांच्या लेखनाला त्यांच्या सहवासात अंतिम रूप लाभले.

बालपण आणि शिक्षण

रिचर्ड्‌स यांचे आईवडील मूळचे जमैका बेटावरील होते. वडील सुतारकाम करीत. मोटारींच्या कारखान्यात काम मिळेल या आशेने हे कुटुंब कॅनडातून अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी आले. लॉइड नऊ वर्षांचे असताना घटसर्पाने वडिलांचे निधन झाले आणि पुढे काही वर्षांतच आईची दृष्टी गेली. पाच भावंडांच्या त्या घरात मुलांना लहान वयातच मिळेल ते काम करावे लागले. डेट्रॉइटमधील केशकर्तनालयांत वयस्क कृष्णवर्णीय पुरुषांच्या गप्पांचे फड रंगत. ते बोलणे लॉइड यांच्या कानांत कायमचे राहिले आणि पुढे अर्धशतकाने एका संहितेची पारख करताना उपयोगी पडले.

वेन विद्यापीठात ते कायद्याच्या अभ्यासासाठी दाखल झाले, पण नाट्य आणि नभोवाणी यांकडे वळले. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या हवाई दलात होते. प्रशिक्षण चालू असतानाच युद्ध संपले. काही काळ समाजकार्य आणि नभोवाणीवर निवेदन केल्यानंतर १९४७ मध्ये ते न्यू यॉर्कला गेले. तेथे उपाहारगृहात वाढप्याचे काम करीत त्यांनी पॉल मान यांच्याकडे अभिनयाचे धडे घेतले आणि पुढे त्यांच्याच कार्यशाळेत ते शिकवू लागले. सिडनी पॉईटिए हे त्यांचे तेथील सहाध्यायी. आपल्याला मोठी संधी मिळाली तर दिग्दर्शक तूच असशील, असा शब्द पॉईटिए यांनी दिला होता. तो त्यांनी पाळला.

अ रेझिन इन द सन

शिकागोतील एका कृष्णवर्णीय कुटुंबाची, गोऱ्यांच्या वस्तीत घर घेण्याच्या त्यांच्या इच्छेची कथा सांगणारे हे नाटक लॉरेन हॅन्सबेरी या तरुण लेखिकेने लिहिले होते. भांडवल जमवणे कठीण गेले, कारण कृष्णवर्णीयांच्या घरगुती जीवनावरील गंभीर नाटकाला ब्रॉडवेचा प्रेक्षक येईल यावर कोणाचा विश्वास नव्हता. या विलंबाचा एक लाभ झाला. रिचर्ड्‌स आणि हॅन्सबेरी यांना संहितेवर एकत्र बसून काम करण्यास भरपूर वेळ मिळाला. न्यू हेवन, फिलाडेल्फिया आणि शिकागो येथील प्रयोगांनंतर ११ मार्च १९५९ रोजी नाटक ब्रॉडवेवर आले, तेव्हा लेखिकेचे वय २८ होते. नाटकाचे ५३० प्रयोग झाले. न्यू यॉर्कच्या नाट्यसमीक्षक मंडळाने त्याला त्या वर्षीचे सर्वोत्तम नाटक ठरवले.

एवढ्या यशानंतर एखाद्या गोऱ्या दिग्दर्शकाच्या दारी निर्मात्यांची रीघ लागली असती. रिचर्ड्‌स यांच्या वाट्याला पुढील दशकात मोजकीच आणि बहुतेक अल्पायुषी नाटके आली. ते अध्यापनाकडे वळले, ते काही अंशी यामुळेच. न्यू यॉर्क विद्यापीठ आणि हंटर महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे शिकवले.

ओ'नील केंद्रातील कार्य

कनेटिकट राज्यात वॉटरफर्ड येथे जॉर्ज व्हाइट यांनी १९६४ मध्ये युजीन ओ'नील नाट्यकेंद्र स्थापन केले. तेथील राष्ट्रीय नाटककार परिषदेचे कलासंचालकपद रिचर्ड्‌स यांच्याकडे १९६८ पासून १९९९ पर्यंत, म्हणजे तब्बल ३१ वर्षे होते.

परिषदेकडे कोणालाही संहिता पाठवता येई. हजाराहून अधिक संहितांमधून सुमारे डझनभर निवडल्या जात. निवडलेले नाटककार प्रथम एकत्र जमून आपापले नाटक स्वतः वाचून दाखवीत. लेखकाच्या मनातील लय सर्वांच्या कानांवर पडावी हा त्यामागील हेतू. उन्हाळ्यात प्रत्येक नाटकाला दिग्दर्शक, नट आणि ड्रामाटर्ग मिळे. ड्रामाटर्ग या शब्दाला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. संहितेचा पहिला जाणकार वाचक आणि लेखकाचा सल्लागार, असे त्याचे काम सांगता येईल. 'द न्यू यॉर्कर'च्या समीक्षक इडिथ ऑलिव्हर यांनी हे काम तेथे दीर्घकाळ केले. चार दिवसांची तालीम, हातात संहिता घेऊन केलेले दोन प्रयोग आणि नेपथ्य नावापुरते, अशी रचना होती. पहिल्या प्रयोगानंतर लेखक रात्री बसून प्रवेश नव्याने लिही. या प्रयोगांवर वृत्तपत्रांत परीक्षण लिहिण्यास मनाई असे. नाटक फसण्याचा अधिकार लेखकाला मिळावा, यासाठी हा नियम आवश्यकच होता.

डेरेक वॉलकॉट यांचे 'ड्रीम ऑन मंकी माउंटन' १९६९ मध्ये आणि वोले सोयिंका यांचे 'मॅडमेन अँड स्पेशालिस्ट्स' १९७० मध्ये येथेच सादर झाले. दोघांनाही पुढे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. चिनी वंशाचे डेव्हिड हेन्री ह्वांग यांचे विद्यार्थिदशेतील 'एफओबी' हे नाटक १९७९ मध्ये येथेच घडले. परिषद केवळ कृष्णवर्णीयांसाठी नव्हती. वेंडी वासरस्टीन, ली ब्लेसिंग हेही तिचेच लेखक. परंतु निवड करणाऱ्याच्या खुर्चीवर एक कृष्णवर्णीय माणूस बसला असल्याने अपरिचित बोलीतील संहिता केवळ अपरिचित म्हणून मागे पडत नसे.

येल आणि ऑगस्ट विल्सन

१९७९ मध्ये रॉबर्ट ब्रुस्टाइन यांच्यानंतर रिचर्ड्‌स येल विद्यापीठाच्या नाट्यविद्यालयाचे अधिष्ठाता आणि येल रेपर्टरी थिएटरचे कलासंचालक झाले. ही पदे त्यांनी १९९१ पर्यंत सांभाळली. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाचे भेदक चित्रण करणारे ॲथॉल फुगार्ड यांचे 'मास्टर हॅरल्ड अँड द बॉइज' १९८२ मध्ये प्रथम येलच्या रंगमंचावर आले. तुरुंगवास भोगून आलेल्या चार्ल्स डटन यांना विद्यालयात प्रवेश मिळाला तोही याच काळात.

ऑगस्ट विल्सन हे पिट्सबर्गचे, पंधराव्या वर्षी शाळा सोडलेले कवी. त्यांच्या पाच संहिता ओ'नील परिषदेने नाकारल्या होत्या, हेही येथे नोंदवले पाहिजे. १९८२ मध्ये 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' निवडले गेले. त्यातील वादकांच्या संभाषणात रिचर्ड्‌स यांना डेट्रॉइटच्या केशकर्तनालयातील आवाज ओळखू आले. रचना विस्कळीत होती, पण माणसे खरी होती. रचना शिकवता येते, असा त्यांचा अनुभव होता. १९८४ मध्ये हे नाटक आधी येल येथे आणि नंतर ब्रॉडवेवर आले.

विल्सन यांच्याशी त्यांची बोलण्याची रीत प्रश्न विचारण्याची होती. उत्तर सुचवण्याचे ते टाळीत. 'फेन्सेस'चे ओ'नील येथील वाचन चार तासांहून अधिक चालले. काटछाट विल्सन यांनी स्वतः केली. ब्रॉडवेपूर्वी निर्मितीपक्षाने शेवटचा प्रवेश बदलण्याचा आग्रह धरला आणि दिग्दर्शक बदलण्याचीही भाषा झाली. विल्सन रिचर्ड्‌स यांच्या पाठीशी ठाम राहिले व शेवट तसाच राहिला. १९८७ मध्ये या नाटकाला पुलित्झर पारितोषिक, तर रिचर्ड्‌स यांना दिग्दर्शनाचा टोनी पुरस्कार मिळाला. 'द पियानो लेसन'च्या बाबतीत उलट घडले. वडिलोपार्जित पियानो भावाकडे जातो की बहिणीकडे राहतो, हे विल्सन यांनी आरंभी अनिर्णित ठेवले होते. अनेक शहरांतील प्रयोगांनंतर त्यांनी निर्णायक शेवट लिहिला आणि १९९० मध्ये त्यांना दुसरे पुलित्झर मिळाले.

येलहून निघून बॉस्टन, शिकागो, सिॲटल, सॅन दिएगो अशा शहरांतील नाट्यगृहांत प्रयोग करीत, प्रत्येक मुक्कामी संहिता सुधारीत ब्रॉडवेवर पोहोचायचे, ही पद्धत या दोघांमुळे प्रचलित झाली. ना-नफा नाट्यसंस्थांचा व्यापारी रंगभूमीसाठी वापर होतो, अशी टीकाही तिच्यावर झाली. टीकाकारांत ब्रुस्टाइन अग्रभागी होते. तिच्यात तथ्य नव्हते असे नाही, परंतु एवढी उसंत विल्सन यांना दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळाली नसती.

'जो टर्नर्स कम अँड गॉन', 'टू ट्रेन्स रनिंग' आणि १९९६ मधील 'सेव्हन गिटार्स' धरून विल्सन यांची सहा नाटके रिचर्ड्‌स यांनी ब्रॉडवेवर आणली. त्यानंतर दोघांचे मार्ग वेगळे झाले. पुढील 'जिटनी'चे दिग्दर्शन मॅरियन मॅक्लिंटन या तरुण दिग्दर्शकाकडे गेले. परिषदेने एके काळी नाकारलेल्या संहितांपैकीच ती एक होती.

उत्तरकाळ

रिचर्ड्‌स यांना १९९३ मध्ये राष्ट्रीय कलापदक मिळाले. १९९५ मध्ये त्यांनी 'द पियानो लेसन'चे दूरचित्रवाणीसाठी दिग्दर्शन केले. नर्तिका बार्बरा डॅव्हनपोर्ट या त्यांच्या पत्नी. त्यांना दोन मुलगे होते. २ ऑक्टोबर २००५ रोजी विल्सन यांचे निधन झाले. विसाव्या शतकातील प्रत्येक दशकावर एक, अशी दहा नाटकांची मालिका त्यांनी तोवर पूर्ण केली होती. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आतच, आपल्या ८७ व्या वाढदिवशी, रिचर्ड्‌स यांचे हृदयविकाराने न्यू यॉर्क येथे निधन झाले.