चिंतामणी रघुनाथाचारी आणि तांबडा तारा

आर्द्रा नक्षत्र लागलं की आपल्या मुळशीत भातलावणीची घाई उडते. पण ज्या ताऱ्यावरून आर्द्रा हे नाव पडलं, तो तारा आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? तो रंगाने तांबूस आहे आणि त्याचं तेज कमीजास्त होतं. अशा ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. असाच एक तांबडा रूपविकारी तारा आपल्या देशातल्या एका माणसाने १८६७ साली शोधून काढला. त्या चिंतामणी रघुनाथाचारी यांचं चरित्र मी आज तुम्हाला सांगणार आहे.

मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ साली एक वेधशाळा बांधली होती. वेधशाळा म्हणजे ग्रहताऱ्यांचे वेध घेण्याची जागा. रघुनाथाचारी तरुणपणीच तिथे कामाला लागले. जागा अगदी खालची, पगारही बेताचाच. मद्रास विद्यापीठ निघालं १८५७ साली, म्हणजे त्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्यांच्याजवळ पदवी कुठून असणार? पण पाहण्याची हौस दांडगी आणि हिशेब पक्का. काम करता करता ते इंग्रजी ज्योतिषशास्त्र शिकले. आपल्याकडचे जुने सिद्धांतग्रंथही त्यांनी अभ्यासले. असे एकेक पायरी चढत ते वेधशाळेचे पहिले सहायक झाले.

त्यांचं काम ऐकायला सोपं, पण करायला फार किचकट. तिथे एक दुर्बीण होती. ती फक्त दक्षिणोत्तर फिरायची. तारा डोक्यावरच्या दक्षिणोत्तर रेषेवर आला, की नेमकी वेळ टिपायची, त्याची उंची मोजायची आणि तेज किती ते वहीत लिहायचं. असे हजारो तारे, एकेक तारा पुन्हा पुन्हा! त्या वेधांवरून पुढे मद्रासची ताऱ्यांची यादी छापली गेली. तिच्यात पाच हजारांहून जास्त तारे आहेत. त्यातले पुष्कळसे वेध रघुनाथाचारींच्या हातचे.

आता बघा, आज तारा पाहिला आणि लिहून ठेवलं नाही, तर उद्या तो फिका झाला हे कळणार कसं? रघुनाथाचारींजवळ नोंदी होत्या. म्हणूनच १८६७ च्या जानेवारीत दक्षिणेकडच्या जालक नावाच्या तारकासमूहातला एक तारा आपलं तेज बदलतो, हे त्यांनी ओळखलं. जगाच्या यादीत तो तारा आर रेटिक्युली या नावाने ओळखला जातो.

तेज बदलतं कशामुळे? तारा म्हातारा झाला, की त्याच्या पोटातलं जळण संपत येतं. मग त्याचं बाहेरचं आवरण फुगतं आणि थोडं निवतं. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड फार तापलं की पांढरं दिसतं आणि निवू लागलं की तांबडं होतं. ताऱ्याचंही तसंच. अशा ताऱ्याला तांबडा राक्षसी तारा म्हणतात. त्यातले काही तारे लोहाराच्या भात्यासारखे फुगतात आणि आकसतात, म्हणून त्यांचं तेज वरखाली होतं. रघुनाथाचारींच्या ताऱ्याचा हा फेरा सुमारे नऊ महिन्यांचा आहे. आपला सूर्यसुद्धा अजून सुमारे ५०० कोटी वर्षांनी असाच तांबडा राक्षस होणार आहे. घाबरू नका, पुष्कळ अवकाश आहे!

१८६८ साली १८ ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण झालं. त्याचे वेध घ्यायला रघुनाथाचारी निजामाच्या मुलखातल्या वनपर्तीला गेले होते. १८७२ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना आपला फेलो करून घेतलं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

पण नुसत्या मानावर ते खूश नव्हते. ताऱ्यांची विद्या साध्या माणसाला कळली पाहिजे, असं त्यांना वाटे. १८७४ च्या ९ डिसेंबरला शुक्र सूर्यबिंबावरून जाणार होता. त्याची माहिती देणारं पुस्तक त्यांनी इंग्रजीबरोबर कन्नड आणि उर्दूतही काढलं. प्रत्यक्ष वेधांशी जुळणारं पंचांगही ते छापत. जुन्या गणितावर चालणाऱ्या अनेकांना ते पटलं नाही. आपल्या पुण्यातही केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून असंच पंचांग काढलं होतं. एकमेकांपासून एवढ्या दूर राहणाऱ्या दोघांचा आग्रह एकच. आकाशात जे दिसतं, तेच पंचांगात असावं.

सुमारे चाळीस वर्षं वेधशाळेची सेवा करून ५ फेब्रुवारी १८८० रोजी रघुनाथाचारी वारले.

त्यांचा तारा आपल्याला दिसायचा नाही. आपल्याकडून तो दक्षिणेला अगदी खाली असतो, तो डोंगराआडच राहतो. शिवाय दुर्बीणही लागते. पण आर्द्रा आहे ना! आर्द्रेचा पाऊस पडतो, तेव्हा तो तारा दिवसा सूर्याजवळ असतो, म्हणून दिसत नाही. मार्गशीर्ष-पौषात मात्र रात्री जेवणं झाली की पूर्वेला बघा. मृगाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण आहे. त्याच्या उत्तरेला तांबूस तारा आहे, ती आर्द्रा. बाणाच्या दुसऱ्या बाजूचा पांढराशुभ्र तो राजन्य. वरच्या अंगाला रोहिणी आहे, तीही तांबूस. २०२० च्या फेब्रुवारीत आर्द्रा इतकी फिकी पडली होती, की रोहिणी तिच्याहून तेजस्वी दिसत होती. आर्द्रेनेच बाहेर टाकलेल्या धुळीचा ढग तिच्या आड आला होता, असं शास्त्रज्ञ सांगतात.

तेव्हा एक वही करा. तारीख लिहा, वेळ लिहा. आर्द्रा रोहिणीहून तेजस्वी आहे की फिकी, एवढंच लिहा. दर आठवड्याला एक ओळ पुरे. रघुनाथाचारी मोठे झाले ते अशाच ओळी न कंटाळता लिहून.